पंधरा वॉटमधला खेळ

बारावीनंतर प्रवेश पक्का झाला की घरात लॅपटॉप येतो. तो कोडिंगसाठी, प्रोजेक्टसाठी, ऑनलाइन लेक्चरसाठी येतो. खेळायला हवाय असं दुकानात उघडपणे कुणी बोलत नाही. वडील हप्त्यांचा हिशेब करत असतात, तेवढ्यात मुलगा दुकानदाराला हळूच विचारतो, "दादा, यात जीटीए फाइव्ह चालेल का?" दुकान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर असो की पुण्यात टिळक रोडवर, उत्तर ठरलेलं असतं: "ग्राफिक कार्ड नाहीये यात, ऑनबोर्ड आहे. छोटे-मोठे गेम चालतील." विषय तिथेच मिटतो.

हा संग्रह त्या उत्तरानंतर काय, याचा आहे. जगात विकल्या जाणाऱ्या पीसींमधल्या ग्राफिक्स चिप्समध्ये गेली कित्येक वर्षं सर्वांत मोठा वाटा इंटेलचा आहे आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या प्रोसेसरच्या पोटातच बसवलेल्या असतात. तरी खेळांबद्दलचं बहुतेक लिखाण आणि यूट्यूबवरची बहुतेक चर्चा लाख-लाख रुपयांच्या कार्डांभोवती फिरत असते. ऑनबोर्डवाल्याच्या वाट्याला येते ती थट्टा, नाहीतर 'हे दहा गेम ट्राय करा' छापाच्या याद्या. यादी महिनाभरात शिळी होते. यंत्र कशात कमी पडतं आणि कशात पडत नाही हे एकदा समजलं, की यादी आपली आपल्याला करता येते. आमचं म्हणणं एवढंच आहे. बाकी सगळा त्याचा विस्तार.

नवख्या वाचकासाठी आधी यंत्राची ओळख. साठ फ्रेम्सवर चालणारा खेळ सेकंदाला साठ वेळा पडदा नव्याने रंगवतो, म्हणजे एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. फुल एचडी पडद्यावर तेवढ्या वेळात २०,७३,६०० ठिपक्यांचे रंग ठरवायचे असतात, आणि तेही एकदाच ठरवून भागत नाही: आधी वस्तू, मग उजेड, मग सावली, मग धुकं. ग्राफिक्स प्रोसेसर वेगळ्या कार्डावर असला की त्याला स्वतःची मेमरी आणि स्वतःची वीज मिळते. लॅपटॉपमधलं जीटीएक्स १६५० हे काही फार मोठं कार्ड नव्हे, पण त्यालाही ४ जीबी स्वतःची मेमरी आहे, ती सेकंदाला १२८ जीबी माहिती ने-आण करते, आणि ते कार्ड एकटं ५० वॉट खातं. साध्या, सडपातळ लॅपटॉपात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांना मिळून १५ वॉट असतात. मेमरीही एकच, तुमची-आमची नेहमीची रॅम. डीडीआर४-३२०० ची एक पट्टी सेकंदाला २५.६ जीबी देते आणि त्यातच सगळ्यांनी भागवायचं.

चाळीत एकाच नळावर सगळ्या बिऱ्हाडांनी बादल्या लावाव्यात तसा हा मामला आहे. प्रोसेसर तिथूनच भरतो, ग्राफिक्सही तिथूनच, आणि मागे उघडे राहिलेले ब्राउझरचे टॅबही तिथेच रांगेत उभे. रॅमची दुसरी पट्टी बसवली की दुसरा नळ सुरू होतो आणि २५.६ चे ५१.२ होतात. म्हणून १६ जीबीच्या एका पट्टीपेक्षा ८-८ च्या दोन पट्ट्या खेळायला बऱ्या. एएमडीच्या वेगा ग्राफिक्सवाल्या रायझन लॅपटॉपांत हा फरक डोळ्यांना दिसतो. एका पट्टीवर विशीत रखडणारा खेळ दुसऱ्या पट्टीनंतर तिशीत जातो, आणि विशी-तिशीतला फरक म्हणजे खेळता न येणं आणि खेळता येणं. इंटेलने तर ही गोष्ट नावातच घालून ठेवली आहे. अकराव्या पिढीच्या ज्या चिपवर 'आयरिस एक्सई' अशी पाटी असते, तीच चिप एका पट्टीच्या लॅपटॉपात साधी 'यूएचडी ग्राफिक्स' म्हणून दिसते. खोक्यावरचं नाव आणि विंडोजमधलं नाव जुळत नाही म्हणून दुकानदाराशी भांडायला निघालेल्यांनी आधी रॅम पाहावी.

दुसरी टंचाई उष्णतेची. खेळ सुरू झाला की प्रोसेसर उत्साहाने टर्बोत, म्हणजे नेहमीपेक्षा वरच्या वेगात, जातो, १५ वॉटांतला मोठा घास स्वतः खातो आणि ग्राफिक्सला उरलंसुरलं मिळतं. पाच-दहा मिनिटांनी पंखा किंचाळायला लागतो, यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतं आणि सुरुवातीला छान चाललेला खेळ अडखळू लागतो. यावर एक जुनी, फुकटची युक्ती आहे. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के केली की बहुतेक लॅपटॉपांत टर्बो बंद होतो. प्रोसेसर हळू झाला, म्हणजे खेळही हळू व्हायला हवा असं वाटतं. ज्या खेळात अडचण ग्राफिक्सची आहे तिथे उलटं होतं, कारण वाचलेले वॉट ग्राफिक्सच्या पदरात पडतात. जोडीला फ्रेम्स ३० वर बांधून टाकल्या तर चंद्रपूरच्या मे महिन्यातही तासभर खेळता येतं. अधूनमधून ४५ होऊन पुन्हा २२ वर कोसळणाऱ्या खेळापेक्षा सलग ३० केव्हाही चांगले, असं माझं ठाम मत आहे, आणि यावर वाद घालायला मी तयार आहे.

आता थोडा इतिहास. इंटेलने १९९८ मध्ये आय७४० हे वेगळं कार्ड बाजारात आणलं, ते फार टिकलं नाही. पण १९९९ च्या ८१० चिपसेटमध्ये ग्राफिक्स थेट मदरबोर्डच्या चिपमध्ये गेलं आणि 'ऑनबोर्ड' घरोघरी पोचलं. आपल्याकडच्या असेम्बल केलेल्या पीसींच्या काळात ८४५ आणि ८६५ हे बोर्डांचे आकडे पाढ्यांसारखे पाठ असत. त्यातल्या ८४५जीव्ही आणि ८६५जीव्हीला एजीपी स्लॉटच नव्हता. स्वस्त म्हणून तो बोर्ड घेतला, की पुढे पैसे जमले तरी कार्ड टाकायची सोय राहत नसे. तरी 'आयजीआय', 'क्लॉ', 'व्हाइस सिटी', 'क्रिकेट ०७' यांवर एक अख्खी पिढी वाढली ती बव्हंशी अशाच यंत्रांवर. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला 'डेव्ह' तर त्याहून जुना.

मग लॅपटॉप आले आणि त्यांच्यासोबत जीएमए ९५०. ही २००५ ची चिप. २००६ च्या पहिल्या मॅकबुकमध्येसुद्धा हीच होती. त्रिमित आकृतीचे कोन-बिंदू मांडण्याचं काम तिला स्वतःला येत नसे, ते प्रोसेसरच्या गळ्यात पडे. ठिपके रंगवणारं पिक्सेल शेडर होतं ते २.० पर्यंतचं. २००७ मध्ये 'बायोशॉक' आला तो ३.० मागत, आणि अशा खेळाच्या चिन्हावर क्लिक केलं की इंग्रजीतली एक कोरडी चौकट येई आणि सगळं बंद. त्या काळात हॉस्टेलवर पेन ड्राइव्हमधून 'थ्रीडी-अ‍ॅनलाइझ' आणि 'स्विफ्टशेडर' फिरत. पहिलं सॉफ्टवेअर खेळाला खोटं सांगायचं की कार्ड आहे. दुसरं कार्डाचं काम प्रोसेसरकडून करवून घ्यायचं. खेळ सुरू व्हायचा, पण एकेक चित्र सावकाश पुढे सरकायचं. तरी तो सुरू झाला याचाच आनंद एवढा मोठा असे की पुढचं कुणी मनावर घेत नसे.

चित्र पालटलं २०११ मध्ये. एएमडीने २००६ मध्ये एटीआय ही ग्राफिक्स कंपनी विकत घेतली होती; त्या खरेदीचं फळ 'लानो' या चिपच्या रूपाने जून २०११ मध्ये आलं. इंटेलची सँडी ब्रिज त्याच वर्षी जानेवारीत आलेली होती. दोघांनीही प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच सिलिकॉनवर आणले. २०१२ च्या एचडी ४००० ने तर ऑनबोर्डला प्रतिष्ठाच दिली. तिचं आयुष्य बघा: २०२० मध्ये 'व्हॅलोरंट' आला तेव्हा ३० फ्रेम्ससाठीची किमान पात्रता म्हणून याच आठ वर्षं जुन्या चिपचं नाव दिलं होतं. ज्या खेळाला जगभरातली माणसं हवीत, तो खेळ कमकुवत यंत्राला दाराबाहेर ठेवून चालत नाही, हे त्याच्या निर्मात्यांनी ओळखलं होतं.

त्यानंतर इंटेल बरीच वर्षं पेंगली. २०१५ ची एचडी ५२० आणि २०१७ ची यूएचडी ६२० यांत गणनघटक तेवढेच, चोवीस. बदललं ते मुख्यतः नाव. करोनाच्या काळात ऑनलाइन शाळेसाठी घाईघाईने घेतलेल्या कित्येक लॅपटॉपांत हीच यूएचडी ६२० आहे, म्हणून या संग्रहात तिची आठवण वारंवार निघेल. खरी चुरस सुरू झाली ती ऑक्टोबर २०१७ मध्ये वेगा ग्राफिक्सचे रायझन लॅपटॉप आले तेव्हा. २०२० मध्ये इंटेलने आयरिस एक्सईमधून ९६ घटक दिले, २०२२ मध्ये एएमडीने रेडिऑन ६८०एम आणलं, आणि 'छोटे-मोठे'मधले मोठे खरोखर मोठे झाले. त्याच २०२२ मध्ये आलेला स्टीम डेक हा हातात धरायचा पीसी ऑनबोर्ड ग्राफिक्सवरच चालतो. १२८० बाय ८०० चा पडदा आणि जास्तीत जास्त १५ वॉटची चिप.

आणखी एक गोष्ट या इतिहासात सहसा सांगितली जात नाही. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्येही प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपमध्ये आहेत आणि दोघांची ८ जीबी मेमरी सामायिक आहे. फरक इतकाच की ती मेमरी सेकंदाला १७६ जीबी देते. अ‍ॅपलच्या २०२० च्या एम१ मध्येही मेमरी सामायिकच. दोष वाटून घेण्यात कधीच नव्हता. आपल्या लॅपटॉपांना दिलेला नळ बारीक होता.

या यंत्रांवर खेळणाऱ्यांचे पंथ पडले आहेत. संख्येने मोठा पंथ सेटिंग उतरवणाऱ्यांचा. यूट्यूबवरच्या 'लोस्पेकगेमर' या चॅनेलने त्याला जवळजवळ शास्त्राचं रूप दिलं. खेळाच्या मेन्यूत 'लो'च्या खाली काही नसतं, पण खेळाच्या फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाईल असते आणि तिच्यात बरंच काही असतं. 'स्कायरिम'च्या फाईलमध्ये सावल्यांच्या नकाशाचा आकार ४०९६ चा ५१२ करता येतो. झाडाची रेखीव सावली मग जमिनीवर शाई सांडल्यासारखी दिसते, पण खेळातल्या व्हाइटरन शहराच्या बाजारातली चाल एकदम मोकळी होते. याहून सोपा उपाय रेझोल्यूशनचा: १०८० वरून ७२० वर आलं की ठिपके ४४ टक्क्यांवर येतात. २०२१ मध्ये एएमडीने एफएसआर आणलं. ते लहान चित्र हुशारीने मोठं करतं आणि इंटेलच्या चिपवरही चालतं. या पंथाचं मला कौतुक आहे, आणि एक तक्रारही. उतरवता उतरवता माणसं गवत, धुकं, पाणी, सगळं काढून टाकतात, चेहरे मेणाचे होतात आणि मग 'चालला' म्हणून व्हिडिओ टाकतात. जो खेळ वातावरणासाठी खेळायचा, त्याचं वातावरणच काढून घेतल्यावर हातात काय राहिलं? अशा वेळी तो खेळ पाच वर्षांनी खेळावा. तो कुठे पळून जात नाही.

दुसरा पंथ जुन्यात रमणाऱ्यांचा. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने २००८ मध्ये सुरू केलेल्या जीओजीने जुने खेळ नव्या विंडोजवर चालतील असे करून विकायला सुरुवात केली. 'डॉसबॉक्स', 'स्कमव्हीएम', 'ओपनटीटीडी' ही मंडळी तर फुकटात तेच करतात. 'एज ऑफ एम्पायर्स २' १९९९ चा. त्याची मूळ आवृत्ती कुठल्याही लॅपटॉपावर पळते, २०१९ ची नवी आवृत्ती मात्र चांगलीच जड आहे. तिसरा पंथ मला सर्वांत जवळचा: जे खेळ मुळातच कमी साधनांत विचारपूर्वक रचले आहेत तेच खेळायचे. एरिक बॅरोन या एकट्या माणसाने केलेला 'स्टार्ड्यू व्हॅली', लुकास पोपचा 'पेपर्स, प्लीज', 'इन्टू द ब्रीच', 'स्ले द स्पायर', अलीकडचा 'बालात्रो'. यांतला एकही खेळ यंत्राची परीक्षा घेत नाही; घेतो ती खेळणाऱ्याची. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेला 'राजी' या गटातला नाही. तो अनरियल इंजिनवरचा त्रिमित खेळ आहे आणि ऑनबोर्डवर त्याला सवलती द्याव्या लागतात, पण द्याव्यात.

खेळ दुसरीकडच्या सर्व्हरवर चालवून नुसतं चित्र मागवणाऱ्यांचाही एक पंथ आहे. २०१० चं ऑनलाइव्ह बुडालं, गूगलचं स्टेडिया २०१९ मध्ये येऊन जानेवारी २०२३ मध्ये गेलं. बाकीच्या सेवा चालू आहेत, पण त्यांचा विषय इंटरनेटचा आहे, लॅपटॉपचा नाही. त्यामुळे इथे त्यांना फार जागा दिलेली नाही.

या सगळ्यांत नवख्याची हमखास फसगत होते ती दिसण्यावरून वजन ठरवताना. 'माइनक्राफ्ट' ठोकळ्यांचा, म्हणजे हलका असणार; 'पोर्टल २' चकचकीत, म्हणजे जड असणार. प्रत्यक्षात उलट आहे. 'पोर्टल २'मधल्या भिंतींवरचा बराचसा उजेड निर्मात्यांनी आपल्या यंत्रांवर आधीच मोजून, चित्राच्या रूपात भिंतींवर चिकटवून ठेवलेला आहे. तुमच्या लॅपटॉपाला तो नुसता दाखवायचा असतो. 'माइनक्राफ्ट'मध्ये कुठलाही ठोकळा कुणीही कधीही फोडू शकतो, तेव्हा आधी काही मोजून ठेवायची सोयच नाही. दूरवरच्या डोंगरापर्यंतचं जग क्षणोक्षणी नव्याने मांडावं लागतं. त्यातून त्याची मूळ आवृत्ती जावातली. 'सोडियम'सारखा फुकटचा मॉड टाकला की तोच खेळ त्याच लॅपटॉपावर ओळखू येणार नाही इतका सुटतो, म्हणजे लॅपटॉपात दम होता.

हा संग्रह आत्ताच का, याचं उत्तरही इथेच आहे. नवे मोठे खेळ तो आधी मोजलेला उजेड सोडून, प्रकाशाचा प्रत्येक किरण जागच्या जागी मोजण्याकडे निघाले आहेत. २०२४ चा 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि २०२५ चा 'डूम: द डार्क एजेस' यांना रे ट्रेसिंगचं हार्डवेअर लागतंच, ते बंद करायची सोय नाही. यूएचडी ६२० वर हे खेळ कुठल्याही युक्तीने चालणार नाहीत, हे सरळ सांगितलेलं बरं. जागेचाही प्रश्न आहे: 'बाल्डर्स गेट ३' ला दीडशे जीबी लागतात, आणि आपल्या लॅपटॉपात अख्खी डिस्कच बहुधा २५६ ची असते. तिच्यात ताईचं सबमिशन आणि लग्नाचे फोटोही असतात.

यंत्र जुनं होण्याआधीच त्याला जुनं ठरवण्याचा वेगही वाढला आहे. इंटेलने जुलै २०२२ मध्ये सहाव्या ते दहाव्या पिढीतल्या ग्राफिक्सना जुन्या गटात टाकलं. त्यांच्यासाठी नव्या खेळांची खास तयारी थांबली. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा संपवला, आणि सातव्या पिढीचे बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत नाहीत. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले, म्हणजे दुसऱ्या पट्टीचा सर्वांत स्वस्त उपायही महागला. उलट बाजूने, स्टीम डेकमुळे निर्मात्यांसमोर एक ठरलेलं कमी ताकदीचं यंत्र आलं आणि त्यावर आपला खेळ चालतो की नाही हे ते तपासू लागले. त्याच डेकसाठी वाढवलेल्या प्रोटॉनमुळे विंडोजचे खेळ लिनक्सवर चालतात. विंडोजने नाकारलेल्या लॅपटॉपाला ही एक खरी वाट आहे. ती सोपी आहे असं मात्र कुणी सांगू नये.

हा संग्रह खरेदीचा सल्ला देत नाही. 'कोणता लॅपटॉप घेऊ' या प्रश्नाचं उत्तर छापून येईपर्यंत बदललेलं असतं. क्रॅक आणि रिपॅक यांचे पत्तेही इथे सापडणार नाहीत. स्टीमवर २०१५ पासून रुपयांत किमती आहेत, सेलमध्ये चहा-वड्याच्या पैशांत चांगले खेळ मिळतात, आणि एकट्यादुकट्याने केलेल्या खेळाचे तेवढे पैसे द्यावेत असं आम्हांला वाटतं. फ्रेम्सचे तक्ते शक्य तितके टाळले आहेत. त्याऐवजी एखादा खेळ घ्यायचा, तो मेमरी जास्त खातो की प्रोसेसर की उष्णता हे शोधायचं आणि मग कुठे हात घालायचा ते ठरवायचं, अशी रीत सर्व लेखांत आहे. लेखकांचं आपसांत एकमत नाही. ३० फ्रेम्सवर समाधान मानावं की नाही यावर तर दोन लेख समोरासमोर उभे आहेत आणि मी ते मिटवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

पुस्तक कुठूनही उघडावं. फक्त त्याआधी टास्क मॅनेजर सुरू करून परफॉर्मन्समधल्या मेमरीवर क्लिक करा आणि खाली 'स्लॉट्स यूज्ड' समोर काय लिहिलंय ते पाहा. रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असेल तर हा आकडा फसवा असू शकतो. तसं नसेल आणि दोनपैकी एकच स्लॉट भरलेला दिसला, तर सरळ रॅमवरच्या लेखाकडे जा.